उघडा संपादक, झाकलेला वाचक

भारतात नोंदणी झालेले नियतकालिक वर्षातून एकदा स्वतःची ओळख जाहीरपणे सांगत आले आहे. फेब्रुवारी सरल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात, कुठल्या तरी कोपऱ्यात, बारीक टायपात ‘फॉर्म ४, नियम ८’ असा मथळा असलेले निवेदन असे. प्रकाशनाचे ठिकाण, अंक किती मुदतीने निघतो, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक कोण, प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व आणि पत्ता, मालकी कोणाची, आणि खाली प्रकाशकाची सही. १८६७च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याखाली १९५६मध्ये जे नियम झाले, त्यांतून ही प्रथा आली. ते निवेदन वाचणारा वाचक विरळाच, तरी त्यामागचा विचार पक्का होता. ज्याच्या हाती चार लोकांचे मत घडवण्याचे साधन आहे, त्याने आपले नाव आणि ठिकाण सांगितले पाहिजे. वाचकाबद्दल मात्र त्या निवेदनात एक अक्षर नव्हते. अंक कोणी उघडला, कोणता लेख अर्धवट सोडला, कोणत्या पानाशी तो पुन्हापुन्हा आला, हे संपादकाला कळत नसे आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. संकेतस्थळ आल्यावर हे नाते उलटे झाले. आज कितीतरी लहान शोधनियतकालिकांच्या संकेतस्थळांवर संपादकाचा पत्ता सापडत नाही. ‘संपर्क’ या पानावर एक सामायिक ईमेल आणि एक रिकामा फॉर्म असतो. तिथे येणाऱ्या वाचकाची, लेखकाची आणि परीक्षकाची माहिती मात्र न मागता, न सांगता साठत राहते. ही उलटापालट दुरुस्त करणे लहान नियतकालिकाच्या आवाक्यातले काम आहे, आणि त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग माहिती जपण्यापेक्षा माहिती न घेण्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा विचार बडोद्याच्या संदर्भात करण्यासारखा आहे. लहान, टिच्चून चालवलेल्या ज्ञानव्यवहाराची त्या शहराला शंभरहून अधिक वर्षांची सवय आहे. जुन्या कोटाच्या चार दरवाजांमध्ये मांडवी, तिच्या आसपास घडियाळी पोळेसारख्या वस्त्या, आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, आणि १९१२मध्ये बडोद्यातून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. ग्रंथालयशास्त्राला वाहिलेले भारतातले ते पहिले नियतकालिक. मजकूर इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ते काही वर्षांतच बंद पडले. १९१६पासून गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेचे ग्रंथ येऊ लागले, १९२७मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले आणि १९५१पासून त्या संस्थेचे जर्नल निघू लागले. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४मध्ये भरले, आणि मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपदाखाली २०१८मध्ये पुन्हा भरले. अशा शहरातून, मराठी अल्पसंख्य असलेल्या ठिकाणाहून, आज एखादे शोधत्रैमासिक निघायचे तर ते कसे असेल? एक निवृत्त प्राध्यापक संपादक, दोन-तीन सहायक, काहीशे वर्गणीदार आणि संकेतस्थळ सांभाळणारा एखादा विद्यार्थी, जो दोन वर्षांनी नोकरीसाठी शहर सोडणार. व्यक्तिगत माहितीचा प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच्या माहितीची चर्चा मात्र झालेली नाही.

आधी वर्गणीदारांच्या वहीचा विचार करू. त्या वहीत नाव, पत्ता, वर्गणी केव्हा आली, अंक परत आला का, एवढेच असते. एवढ्यातही पुष्कळ काही असते. आपल्याकडे आडनाव जात सांगते. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, त्यामुळे बाईच्या नावाबरोबर दुसऱ्या माणसाचीही नोंद होते. ‘घडियाळी पोळ, बडोदे’ एवढा पत्ता मराठी नावापुढे आला की जाणत्या माणसाला त्या कुटुंबाचा अंदाज बांधता येतो: गायकवाडांच्या काळात आलेले असेल, सरकारी किंवा शिक्षकी पेशातले असेल, अमक्या दैवताचे असेल. अंदाज चुकेलही, पण बांधला जाईल. आता पोळ ही वस्तीच अशी आहे की तिथे कोणाचे काही लपत नाही. अरुंद रस्ता, समोरासमोर ओटे, आत यायला एक दरवाजा. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा मुलगा उशिरा परतला, सगळ्यांना ठाऊक. म्हणून काही जण म्हणतात की खासगीपणा ही आपल्या वस्त्यांना परकी, अलीकडे आणलेली कल्पना आहे. मला हे पटत नाही. पोळेतल्या माहितीला दोन बंधने होती. ती दरवाजाच्या आत राहत असे, आणि ती परस्पर होती. ज्याला माझे ठाऊक, त्याचे मलाही ठाऊक. बाहेरच्या अनोळखी माणसाने येऊन चौकशी केली तर त्याच ओट्यांवरची माणसे गप्प बसत. अमेरिकन तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४पासून मांडलेला विचार याच्या फार जवळचा आहे: माहिती ज्या वर्तुळात आणि ज्या समजुतीने दिली गेली, त्या वर्तुळाचे नियम मोडून ती बाहेर गेली की खासगीपणाचा भंग होतो, मग ती माहिती गुप्त असो वा नसो. वर्गणीदारांची वही संपादकाच्या ट्रंकेत होती तोवर ते वर्तुळ शाबूत होते. तीच वही एक्सेलच्या फाइलमध्ये गेली, ती फाइल कोणाच्या तरी ड्राइव्हवर चढली, आणि ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो पाहू शकतो’ अशी मुभा राहून गेली, की दरवाजा उरला नाही आणि परस्परताही उरली नाही. संपादकाच्या हेतूत काहीच बदललेले नसते, आणि म्हणून बदल झाल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही.

वाचकाची माहिती कशी गोळा होते हे नीट पाहिले पाहिजे, कारण इथे गोळा करणाऱ्यालाही पुष्कळदा पत्ता नसतो. जगभरातली हजारो लहान शोधनियतकालिके ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ या मोफत प्रणालीवर चालतात. कॅनडातल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ने ती तयार केली आणि गरीब संस्थांवर तिचे मोठे उपकार आहेत. या प्रणालीत गोपनीयतेचे एक आयते निवेदन येते. इथे दिलेली नावे आणि ईमेल पत्ते केवळ या नियतकालिकाच्या जाहीर कामासाठी वापरले जातील, अन्य कामासाठी किंवा अन्य कोणाला दिले जाणार नाहीत, अशा आशयाचे ते आहे. असंख्य संकेतस्थळांवर हेच निवेदन, एक शब्दही न बदलता, इंग्रजीत उभे आहे. वचन चांगले आहे. पण ते देणाऱ्याने स्वतः लिहिलेले नाही, आणि पाळले जाते का हे तपासलेलेही नाही. ते फक्त नाव आणि ईमेल यांविषयी बोलते. सर्व्हर मात्र प्रत्येक येणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, त्याने उघडलेले पान आणि त्याचे यंत्र यांची नोंद करतो. वाचकसंख्या कळावी म्हणून कोणीतरी गूगल अॅनॅलिटिक्सचा तुकडा जोडलेला असतो. लेख पाठवायचा फॉर्म गूगलचा, चर्चासत्राची घोषणा व्हॉट्सअॅपच्या गटावर, जिथे प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक बाकी सर्वांना दिसतो. देवनागरी अक्षरे नीट दिसावीत म्हणून फॉन्टसुद्धा गूगलच्या सर्व्हरवरून मागवलेला असतो, आणि तो मागवताना वाचकाचा आयपी पत्ता तिकडे जातोच. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या या कारणासाठी एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम क्षुल्लक, पण मुद्दा क्षुल्लक नाही: तोच फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता आला असता, म्हणजे माहिती बाहेर जाण्याची काही गरजच नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मोठे प्रकाशक ही माहिती जाणूनबुजून गोळा करतात, तिच्यावर त्यांचा धंदा चालतो. जर्मन संशोधन प्रतिष्ठानने २०२१मध्ये या पाळतीवर स्वतंत्र टिपण काढून शास्त्रज्ञांना सावध केले होते. लहान नियतकालिकाचे दुर्दैव असे, की त्याला या माहितीचा काडीचा उपयोग नसतो आणि तरी ते ती गोळा करून दुसऱ्याच्या हाती फुकट सोपवते.

ग्रंथालयांनी हा प्रश्न आपल्याआधी शंभर वर्षे सोडवला होता, आणि कोणत्याही यंत्राशिवाय. भारतातल्या अनेक ग्रंथालयांत वर्षानुवर्षे चाललेली ब्राउन पद्धत आठवावी. वाचकाजवळ खिशासारखी तिकिटे असत आणि पुस्तकात एक कार्ड. पुस्तक नेताना ते कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून ग्रंथपालाच्या ट्रेमध्ये तारखेप्रमाणे लावले जाई. म्हणजे पुस्तक बाहेर आहे तोवर ते कोणाकडे आहे हे अचूक कळे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि कोणी काय वाचले याची नोंद त्या क्षणी नाहीशी होई. ग्रंथपालाने खोडायची गरज नव्हती, विसरायचे ठरवण्याचीही नव्हती. रचनाच विसरत असे. गरजेपुरते, गरज असेपर्यंत, आणि पुढे काही नाही. ज्या अमेरिकी ग्रंथालय चळवळीतून बॉर्डन बडोद्याला आले, तिच्या संघटनेने १९३९च्या आपल्या आचारसंहितेत वाचकाच्या संपर्कातून कळलेली खासगी माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नोंदवले. कोण काय वाचतो हे सत्तेला कळू लागले की माणूस वाचताना घाबरतो, आणि घाबरून केलेले वाचन म्हणजे अभ्यास नव्हे. शोधनियतकालिक हे ग्रंथालयाचेच भावंड आहे. त्याच्या संकेतस्थळाने त्या लाकडी ट्रेइतका तरी विवेक दाखवावा.

लेखकांच्या बाबतीत गोष्ट अधिक अवघड आहे, कारण लेखकाला नाव हवेच असते. नाव, संस्था आणि लेख यांचा जोड जाहीर असणे हा ज्ञानव्यवहाराचा पायाच आहे आणि त्याला माझा काहीच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो नावाबरोबर ओढून आणलेल्या बाकीच्या गोष्टींना. मराठी नियतकालिकांत लेखाखाली लेखकाचा घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक छापायची जुनी, प्रेमळ रीत आहे. वाचकाने थेट कळवावे, दाद द्यावी, भांडावे, हा तिचा उद्देश. छापील अंकात, काहीशे वाचकांत, ती शोभून दिसली. पण तेच पान पीडीएफ होऊन चढवले की तो क्रमांक जगभर शोधता येतो, कायमचा. आणि एखाद्या स्त्री लेखिकेने धर्म, जात किंवा इतिहास यांपैकी एखाद्या विषयावर लिहिले असेल, तर त्या क्रमांकावर दाद देणारेच फोन करतील असे कोण सांगेल? लेखाबरोबर पाठवायच्या फॉर्मात छायाचित्र, जन्मतारीख, सहीची स्कॅन केलेली प्रत आणि मानधन असेल तर पॅन आणि रद्द केलेला धनादेश. यांतले मानधनासाठीचे कागद समजण्यासारखे आहेत. जन्मतारखेचे काय करायचे असते? संपादकाला विचारले तर बहुधा उत्तर मिळेल की फॉर्म दुसऱ्या नियतकालिकावरून घेतला होता. त्या दुसऱ्यांनी तो तिसऱ्यावरून घेतला असेल.

परीक्षकाच्या नावाचा प्रश्न तर थेट सुरक्षिततेचा आहे. अभ्यासकाचे केवळ नाव चुकीच्या हाती पडल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकात ऋणनिर्देशात नाव होते म्हणून डिसेंबर २००३मध्ये पुण्यातल्या एका संस्कृत विद्वानांच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि ५ जानेवारी २००४ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची, पोथ्यांची नासधूस झाली. पुस्तकातल्या मताशी त्या विद्वानांचा संबंध नव्हता. आभार मानले गेले होते, इतकेच. ते नाव निदान लेखकाने जाहीरपणे छापले होते. परीक्षकाचे नाव तर गुप्त ठेवण्याचे वचन देऊनच त्याच्याकडून काम घेतलेले असते. त्या वचनाची अवस्था काय असते? अहवाल वर्डच्या फाइलमध्ये येतो आणि फाइलच्या गुणधर्मांत, शेऱ्यांच्या कडेला, परीक्षकाचे नाव जसेच्या तसे असते. संपादक ती फाइल तशीच लेखकाकडे पाठवतो. किंवा चार परीक्षकांना एकच ईमेल जातो आणि प्रत्येकाला बाकी तिघांचे पत्ते दिसतात. मराठीत एखाद्या विषयाचे जाणकार पाच-सहाच असतात, तेव्हा अर्धवट फुटलेले नावही पूर्ण फुटल्यासारखे असते. मोठ्या इंग्रजी नियतकालिकाच्या गर्दीत जो आडोसा मिळतो तो इथे मुळीच नाही. म्हणून लहान असण्याची सबब मला उलट्या दिशेला नेते: जितके वर्तुळ लहान, तितकी काळजी अधिक लागते.

ही सबब वेगळ्या रूपातही येते. आमच्यासारख्यांची माहिती चोरून कोणाला काय मिळणार, असे संपादक विचारतात. पण संकेतस्थळे फोडणारी यंत्रे नियतकालिकाचा दर्जा पाहत नाहीत. जुने, दुरुस्त न केलेले सॉफ्टवेअर दिसले की आत शिरतात. आणि माणसांना मिळण्यासारखेही पुष्कळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९पासून ‘यूजीसी-केअर’ यादी चालवली, फेब्रुवारी २०२५मध्ये ती बंद केली. त्या मधल्या काळात बढतीसाठी आणि पदवीसाठी यादीतल्या नियतकालिकात लेख हवा, या दडपणातून एक धंदा उभा राहिला. जुन्या, प्रतिष्ठित, फक्त छापील निघणाऱ्या नियतकालिकांच्या नावाने नकली संकेतस्थळे काढायची, नाव आणि आयएसएसएन त्यांचाच वापरायचा, लेखकांकडून पैसे आणि सगळे कागद घ्यायचे. अशा नकली नियतकालिकांची वेगळी यादी आयोगाला प्रसिद्ध करावी लागली. या संकेतस्थळांवर संपादकाचे खरे नाव आणि ठिकाण कधीच नसे, आणि लेखकाची मात्र एकही गोष्ट विचारायची राहत नसे. सुरुवातीला सांगितलेली उलटापालट इथे पूर्णत्वाला गेलेली दिसते. यावरून कोणी म्हणेल की मग संकेतस्थळच नको, आम्ही छापील बरे. पण ज्यांना संकेतस्थळ नव्हते त्यांच्याच नावाने नकली संकेतस्थळे काढणे सोपे गेले. तेव्हा आपले साधे, खरे संकेतस्थळ असावे, आणि त्यावर संपादकाचे नाव, टपालाचा पत्ता, मालक संस्था आणि मागील अंकांची सूची ठळक असावी. फॉर्म ४ जे वर्षातून एकदा सांगत होता ते तिथे रोज सांगितलेले असावे. डोमेनचे शुल्क वेळेवर भरावे, तेही कोणा विद्यार्थ्याच्या नावाने नव्हे, संस्थेच्या नावाने. डोमेन सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर त्या पत्त्यावर येणारे प्रत्येक ईमेल, प्रत्येक परीक्षण, त्याच्या हाती जाऊ शकते.

ओळख पटवायची म्हणून अधिक माहिती घ्यावी लागते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. खोटे लेखक असतात, खोटे परीक्षकही असतात. २०१४मध्ये ‘सेज’ या प्रकाशनसंस्थेला ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’मधले ६० लेख मागे घ्यावे लागले, कारण खोट्या नावांची खाती उघडून परीक्षणे लिहिली गेली होती, पुढच्या वर्षी ‘बायोमेड सेंट्रल’ने ४३ लेख मागे घेतले. पण तिथे गडबड कशाने झाली? लेखकाने स्वतःच परीक्षक सुचवला, त्याचा ईमेल दिला, आणि तो ईमेल खरोखर त्या माणसाचा आहे का हे कोणी पाहिले नाही. माहिती कमी नव्हती, पडताळणी नव्हती. जो खोटा ईमेल देतो तो खोटी जन्मतारीख आणि दुसऱ्याचे छायाचित्रही देईल. परीक्षकाच्या विद्यापीठाच्या पानावरून त्याचा पत्ता स्वतः शोधून एक पत्र टाकणे, वाटल्यास फोन करणे, एवढ्याने जे साधते ते ओळखपत्रांच्या शंभर प्रतींनी साधत नाही. आणि लहान नियतकालिकाचा संपादक हे सहज करू शकतो, कारण तो आपल्या विषयातल्या माणसांना ओळखतो. ही त्याची खरी ताकद आहे, ती सोडून त्याने मोठ्यांच्या फॉर्मांची नक्कल का करावी?

कायद्याचा धाक दाखवून हे पटवावे असे मला वाटत नाही, पण कायदा काय म्हणतो ते ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो आकडा वाचून एखादे त्रैमासिक हात टेकेल. उलट काही जण म्हणतील की संशोधनाच्या कामाला या कायद्यात सूट आहे. सूट आहे, पण ती संशोधनासाठी, अभिलेखांसाठी आणि सांख्यिकीसाठी माहिती हाताळण्याला, ठरावीक निकष पाळून. वर्गणीदारांची यादी हे संशोधन नव्हे, आणि वाचकाचा आयपी पत्ताही नव्हे. शिवाय नियमांनुसार कामाच्या काही नोंदी किमान वर्षभर जपून ठेवाव्या लागणार आहेत. म्हणजे एकदा घेतलेली माहिती लगेच टाकून मोकळे होणेही सोपे नाही. पाहा, सगळ्या बाजूंनी विचार एकाच ठिकाणी येतो. सुरक्षेवर खर्च करायला पैसे नाहीत, माणूस नाही, वकील नाही. मग परवडण्यासारखे एकच उरते: जे लागत नाही ते विचारायचे नाही. विचारले नाही ते फुटत नाही, त्याला कुलूप लागत नाही. लेख वाचायला नावनोंदणी नको, पाळत ठेवणारा तुकडा नको, फॉन्ट आपल्या सर्व्हरवर, किती वाचक आले याचा फक्त आकडा. लेखकाकडून नाव, संस्था, एक ईमेल, आणि छापायला तो जो संपर्क खुशीने देईल तेवढाच. कायद्याने माहिती घेण्याआधीची सूचना इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळण्याची सोय ठेवायला सांगितली आहे. मराठी नियतकालिकाने ती इंग्रजीत ठेवून देणे हे कायद्याच्या आधी वाचकाला धरून नाही.

सर्वांत जड आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे, आणि माझ्या मनात तोच सर्वांत अधिक घोळतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या छापत असत. कोण कुठल्या गावाहून किती प्रती घेत होते, हे त्यांतून कळते, आणि मराठी वाचक कसा घडला हे शोधणाऱ्याला त्या याद्या सोन्यासारख्या आहेत. ‘लायब्ररी मिसेलनी’ची वर्गणीदारांची वही कोणाला सापडली तर तीन भाषांतला तो वाचक नेमका कोण होता हे उलगडेल. मग आपण आज सगळे पुसत बसलो, तर २१००मधल्या अभ्यासकाने काय वाचायचे? मला वाटते इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आश्रयदात्यांची यादी हा सन्मान होता. माणसाला आपले नाव तिथे हवे असे, आणि त्यातून एवढेच कळे की त्याने पुस्तकाला हात दिला. त्याने ते वाचले का, कोणते पान दोनदा वाचले, हे त्या यादीला ठाऊक नव्हते. आज सर्व्हर जे टिपतो ती माहिती त्या याद्यांची वारस नाही, तसली नोंद पूर्वी कधी अस्तित्वातच नव्हती. दुसरे असे, की अभिलेख आणि चालू सर्व्हर यांत फरक आहे. संपादकीय पत्रव्यवहार, परीक्षणे, वर्गणीच्या वह्या जरूर जपाव्यात, पण संकेतस्थळावर नव्हे. नियतकालिकाने दर काही वर्षांनी त्या कागदावर किंवा डिस्कवर उतरवून ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्याव्यात, आणि अमुक वर्षे, म्हणजे निदान संबंधित माणसांच्या हयातीपर्यंत, उघडू नयेत अशी अट घालावी. खासगी कागदपत्रांच्या संग्रहांबाबत अभिलेखागारांत ही रीत जुनीच आहे. देताना परीक्षकांना विचारावे. ज्याला आपले परीक्षण भविष्यासाठीही नको असेल त्याचे काढून टाकावे. यात इतिहासाचे नुकसान होईल, थोडे होईल, आणि ते सोसण्यासारखे आहे.

एवढे ठरवूनही एक जागा उरते, जिच्याकडे संपादक मंडळांचे लक्ष जात नाही: नियतकालिक बंद पडण्याची. लहान नियतकालिके बंद पडतात, बहुतेक वेळा घोषणा न करता. संपादक आजारी पडतो, छपाईचा खर्च झेपत नाही, पुढचा अंक निघत नाही. छापील काळात त्यानंतर वही ट्रंकेत राहून वाळवी खात असे आणि प्रकरण तिथेच मिटे. आता संकेतस्थळ पुढेही चालू राहते, कोणाच्याही देखरेखीशिवाय, आतल्या सगळ्या पत्त्यांसह. म्हणून हे काम पहिल्याच बैठकीत करायला हवे: मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे की सलग इतके अंक निघाले नाहीत तर लेखांचा संग्रह अमुक ग्रंथालयाकडे जाईल, वर्गणीदारांची आणि परीक्षकांची यादी अमुक व्यक्ती संकेतस्थळावरून पुसून टाकेल, आणि डोमेन आणखी इतकी वर्षे संस्थेच्या नावावर राहील. ती व्यक्ती कोण, हे नावासकट लिहावे, आणि ते नाव संकेतस्थळावर, संपादकाच्या नावाखाली, सर्वांना वाचता येईल असे छापावे.